शब्द येईपर्यंत

एकतीस वर्षं मी हर्शेल वाइनत्राउबच्या वह्या उतरवल्या.
त्याचं स्वरलेखन म्हणजे शाईत पाय बुडवून पळालेली कोंबडी.
त्यातून व्हायोलिनला तिचं, ट्रॉम्बोनला त्याचं
वेगळं काढून द्यायचं, रातोरात,
न्यूयॉर्कच्या एका चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या.

गाजलेली संगीतिका एकच. सहाशे बारा प्रयोग.
बाकीच्यांचं काय सांगू.
एक अकरा दिवसांत आटोपली,
एक बॉस्टनच्या पुढे आलीच नाही,
आणि एकीचा पडदा पहिल्याच रात्री असा पडला
की देखावे गाडीत चढवणारे हमालसुद्धा
आमच्या नजरेला नजर देईनात.

शब्द लिहायची एडना क्रॉसवेट.
आधी चाल, मग शब्द, अशी दोघांची रीत.
तोवर चालीनं उपाशी राहू नये म्हणून
हर्शेल तिच्या ताटात सापडेल ते वाढायचा:
    दोन पौंड बटाटे, साबणाची वडी,
    येताना आण ना गं माझा निळा सदरा
एडना हसायची नाही. पेन्सिलीनं मात्रा मोजायची,
आणि आठवड्याभरात बटाट्यांच्या जागी
असं काही आणून ठेवायची
की बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत रुमाल निघत.

ती गेली मार्चात. बर्फ काळं पडलं होतं.

त्यानंतर त्यानं काय केलं, असं कुणी विचारत नाही.
वर्तमानपत्रात त्याचा मृत्युलेख तयार आहे म्हणतात,
तारखेपुरती जागा सोडून.
पण मी सांगते, मी उतरवलंय:
एक हिवाळा जहाजावर, जेवणाऱ्यांच्या पाठीशी पियानो.
कुत्र्यांच्या बिस्किटांची जाहिरात, नऊ सेकंद.
त्या नऊ सेकंदांतही एके ठिकाणी
त्यानं सूर असा वळवला
की मी पेन खाली ठेवलं.
कुत्र्यांना कळलं असेल.

तरुण गीतकार येऊन गेले.
कॅसेट घेऊन जात, शब्द आणत,
शब्द बरे असत.
हर्शेल म्हणायचा, वा, आणि खिडकी उघडायचा.

मग युटिका. ऐंशीला एक कमी असताना
तिथल्या शाळेनं बोलावलं. पैसे नावाला.
कालव्याचे दरवाजे उघडझाप करणाऱ्या बाईची गोष्ट,
तालमी जिममध्ये, बास्केटबॉलच्या जाळीखाली.
शेवटच्या गाण्याला शब्द आलेच नाहीत.
मी पानावर होतं ते उतरवून पाठवलं,
माझं काम तेवढंच.

अझ्रा नावाची मुलगी, बोस्नियाहून आलेली,
इंग्रजी अजून पायरी चाचपत उतरणारं,
तिला कुणी सांगितलंच नव्हतं की हे शब्द खरे नाहीत.
तिनं ते पाठ केले.
उभी राहिली, हात शिवणीला लावून,
    दोन पौंड बटाटे, साबणाची वडी
इतकं जपून,
जणू एकही वस्तू विसरली तर घरचा माणूस
दाराशी तसाच उभा राहील
    येताना आण ना गं माझा निळा सदरा

आणि मला तेव्हा लागलं,
एकतीस वर्षं तोच सदरा.
बटाटे बदलले, कधी कांदे, कधी मेणबत्त्या,
सदरा कधीच नाही.
माझ्याच हातून गेला होता, शंभर वेळा तरी,
पिकोलोपासून ढोलापर्यंत सगळ्यांना वाटला होता मी.

हर्शेल रडला वगैरे नाही.
म्हणाला, दुसऱ्या ओळीत श्वास चुकीच्या जागी घेतेस, पोरी,
‘सदरा’च्या आधी घे. आधी.
मग माझ्याकडे न बघता: राहू दे तसंच.

कार्यक्रमपत्रिकेच्या कच्च्या प्रतीत
गीतं या शब्दापुढे त्यानं एडनाचं नाव घातलं.
तिनं ह्यातली एक ओळ लिहिली नव्हती.
छापखान्यात न्यायच्या आधी मी ते पुन्हा एकदा
स्वच्छ अक्षरात काढलं.
पानावर असतं ते मी उतरवते.